राणी चिमीबाईचा बुरूज

सरावली,
११ जानेवारी २०१७

तीर्थरूप चिमीआते,

तुझा प्रविण इथूनच पाया पडतो. गुडघा काय म्हणतो? बकरी व्याली का? (पत्र तुला वाचून दाखवताना संगीता हसायला लागली, तर तिला आधी पोटभर हसू दे, मग पुढचं ऐक.)

चिकूवाडीतला पडका कोट शेठनी पुन्हा उभा केला, हे तुझ्या कानावर असेलच. चुन्याची भिंत झाली, बुरुजावर कौलंसुद्धा चढली (बुरुजावर कौलं नसतात म्हणे, पण ते पावसाला कोण सांगणार). पाहुणे राहायला येतात आणि मी त्यांना कोटाचा इतिहास सांगतो. तो खरा कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं फिरंग्यांनी बांधला, कुणी म्हणतं मराठ्यांनी. मी कुणालाच नाराज करत नाही. दुपारी जेवण झालं की बुरुजात समुद्राचा वारा येतो, बंदुकीच्या भोकांतून पोपट आत-बाहेर करतात आणि माझा डोळा लागतो. मग कोट पुन्हा जुना होतो, भिंतीवर गवत उगवतं आणि तू खाली विळा घेऊन गुणगुणत असतेस. फार बरं वाटतं गं.

परवा नेमके तेव्हाच शेठ पाहुण्यांना घेऊन आले. इथं कोण राहायचं, म्हणून त्यांनी विचारलं. मी झोपेतच तुझ्याकडे बघत म्हणालो, "रानशेतची चिमी." रानशेत हे आपलं गाव, हे शेठच्या लक्षातच आलं नाही; पण आपल्याकडे राणीलाही रानीच म्हणतात, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी माझं रान सुधारून राणी केलं, आणि शेत झालं तुझी जहागीर. मग मलाही राहवेना. विळ्याने शत्रू पळवलास, पळालेल्यांना परत बोलावून नागलीची भाकर वाढलीस. शेठाणींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता बुरुजावर तुझ्या नावाचा दगड बसणार आहे. पण राणीचा वंशज मिळाला तरच. नाहीतर शेठ त्यावर आपल्या वडिलांचं नाव कोरतील.

तुझा भाचा,
प्रविण

ता. क. : वंशज म्हणून रविवारी तूच ये. हिरवं लुगडं नेस. काही विचारलं तर नुसती हस.

ता. क. : खोटं कसं बोलू म्हणशील. नाव विचारतील, तेवढं खरं सांग.

ता. क. : दगडाचं मरू दे. जन्मभर त्या भिंतीबाहेर गवत कापलंस, पण आत कधी कुणी घेतलं नाही तुला. बुरुजात गोधडी टाकून ठेवतो. दुपारी झोप लागली तर खुशाल झोप. मी बाहेर उभा राहून सगळ्यांना सांगेन, राणीसाहेब निजल्यात, हळू बोला.