आजचा विषय

गव्हाण, मार्च १९९४

चि. मालूस दादाचे आशीर्वाद.

ट्रकवाल्याने तुझं डोकं फोडलं, म्हणून मी तुला चौकीत नेलं. हवालदाराने विचारलं, "धंदा काय?"

"धंदाच हाय, साहेब," तू म्हणालीस.

तो हसला. "मग मारही त्यातच आला."

तक्रार लिहिलीच नाही. तू परत हायवेवर गेलीस आणि तेव्हापासून तुझी खोली बंद आहे. पत्र टाकायला पत्ताही उरला नाही.

काल पनवेलात सभा झाली. तुमचा धंदा कायदेशीर करावा का, यावर मोठी माणसं बोलली. मी उठून म्हटलं, "बाई तक्रार घेऊन आली, तर आधी ती लिवून घ्या."

अध्यक्ष म्हणाले, "काका, आजचा विषय तो नाही."

देवापुढे दिवा लावताना तुझ्यासाठी आयुष्य मागावं की सद्गती, हेच मला कळत नाही.

तुझा,
हसुराम