संचिताच्या उशाशी

दोडामार्ग,
१० ऑगस्ट २०२५

किशोरी विहीणबाई यांस यशोदाचा स. न. वि. वि.

रियाची खुशाली आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचाल. नातीला ताप नाही, पेज पोटभर जेवते. फोनवर तुम्ही बरी आहे एवढंच म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. आमचा शेजारी बाबली रोज गोव्यात कामाला जातो, तो इस्पितळात तुमच्या हातात देईल.

माझी संचिता तुमच्या मालवणच्या घरी तापाने कोसळली आणि तुम्ही तिला तशीच गोव्याला नेलीत, हे मी विसरणार नाही. पण खरं सांगते, मला तुमचा हेवा वाटतो. जावई जहाजावर, माझा पाय प्लास्टरमध्ये, आणि आत जायचा एकच पास, तो तुमच्या गळ्यात! एक यंत्र लावलं होतं ना? मग दुसरं कशाला? सही करताना तिच्या जन्मदात्या आईला विचारावंसं वाटलं नाही?

तुम्ही तिचे केस विंचरता, असं जावई फोनवर सांगत होते. तिला तेल खपत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि ही तुमची नात! माझ्या मांडीवर बसून मालवणच्या आजीच्या हातची सोलकढी मागते. केली, तर म्हणते, तशी नाय.

लोभ असावा. माझ्याकडून सध्या थोडा कमी पडेल.

आपली,
यशोदा


पणजी,
१४ ऑगस्ट २०२५

यशोदा विहीणबाई यांस किशोरीचा स. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आज लिहिते, कारण आज सांगण्यासारखं काही आहे.

तुम्हाला विचारलं नाही हे खरं. तुमचा फोन लागेना आणि डॉक्टर समोर उभे. ताप तिच्या हृदयाच्या स्नायूंत उतरला होता. रक्तदाब राहीना, लघवी बंद झाली. पहिलं यंत्र मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळून परत अंगात सोडायचं. त्याने जीव तगला. पण ते रक्त जोराने हृदयाच्या दिशेने उलटं येतं. थकलेल्या हृदयाला त्याच्यासमोर ढकलता येईना. आतलं रक्त आतच तुंबलं, फुप्फुसांत पाणी धरायला लागलं. म्हणून दुसऱ्या मांडीतून एक बारीक पंप थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेला, तुंबलेलं रक्त उपसून पुढे टाकायला. दोन्ही एकदम लावली तर रक्तस्राव होऊ शकतो, पायही गमवावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. न लावली तर काय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. सही अशी केली की माझं नाव मलाच वाचता येईना.

काल मोठं यंत्र काढलं. बारीक पंप अजून आहे, पण त्याचाही जोर कमी करत आणलाय. आज घशातली नळी निघाली. मी पुढे वाकले. इतके दिवस उशाशी मी, आणि तुमची लेक माझ्याकडे बघून तुम्ही कुठे आहात ते विचारते, आये खंय आसा? तुम्हाला ती आये म्हणते, मला आई. मी तिला, येतली हां, म्हटलं आणि जिन्यात जाऊन रडले. हेवा काय फक्त तुम्हालाच करता येतो?

उद्या रियाला दिवसभर बाबलीच्या घरी ठेवून त्याच्या गाडीतून या. मागच्या सीटवर पाय लांब करून बसा, इथे चाकाची खुर्ची मिळते. पास तुमच्या गळ्यात घालते आणि संध्याकाळी त्याच गाडीने रियाकडे जाते.

रागावलात तरी माया राहू द्या.

आपली,
किशोरी


पणजी,
१७ ऑगस्ट २०२५

किशोरी विहीणबाई यांस यशोदाचा सप्रेम नमस्कार.

आज बारीक पंपही निघाला. हृदय आपल्या बळावर चालतंय, डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. मला काही कळलं नाही, पण ते हलत होतं. जावयांनाही कळवलंय.

पहिल्या दिवशीची गंमत आता लिहिते. खुर्चीतून आत गेले आणि आधी तिचे दोन्ही पाय हाताने चाचपले. ऊन होते. संचिता बारीक आवाजात म्हणाली, आये, तुझ्या पायाक काय झाला गो? मी पडले हे तुम्ही तिच्यापासून लपवलंत तर!

तेवढ्यात नर्सबाई आली. मला विचारते, तुम्ही सासूबाई ना? आणि उत्तराची वाट न बघता सांगत सुटली, की हिची आई, आत सोडायची वेळ सोडली तर, बाहेरच्या बाकावरून हलली नाही, जेवायलासुद्धा उठत नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्याला माझी मुलगी आत आहे म्हणून सांगायची. विहीणबाई, तुम्ही इथे कोण म्हणून बसला होता, ते मला तेव्हा कळलं! आई मी, ती बाई सासू, असं ठणकावून सांगायला तोंड उघडलं. संचिता माझ्याकडे टक लावून बघत होती. तुम्ही त्या बाकावर कशा बसला असाल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी म्हटलं, होय, मी सासू.

संचिता एवढी हसली की उशाचं ठोके मोजणारं यंत्र वाजायला लागलं आणि नर्सबाई धावली. मी घाबरले. काही नाही, हसण्याने झालं, असं ती म्हणाली. कशाला हसली ते मात्र तिला समजलं नाही.

परवा तुम्ही या, पास देते. इथे याल तेव्हा आई म्हणूनच या, नाहीतर मी खोटी पडेन.

लोभ आता पुरा आहे. तुमचाही तेवढाच असू द्या.

आपली विहीण, आणि या वॉर्डापुरती संचिताची सासू,
यशोदा