खिंडीतला फितूर

गुरुजी, तुम्ही जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावर चिडायचं माझं संपलेलं नाही. आंबेनळीच्या खिंडीची गोष्ट सांगून तुम्ही मोकळे झालात, निस्तरत बसलोय मी. देवळाच्या पडवीत आमची शाळा भरायची. तुम्ही छडी तलवारीसारखी धरून उभे आहात, आणि तीनशे गावकरी खिंड अडवून उभे आहेत. शत्रूची फौज तीन दिवस अडून राहते. मग एक फितूर मागची पायवाट दाखवतो आणि सगळे कापले जातात. तान्ही पोरं धरूनही आपल्या गावात तीनशे माणसं कधी नव्हती, हे विचारायची आमची छाती नव्हती. फितुराचं नाव तुम्ही कधीच घेतलं नाहीत. ‘वाटेच्या तोंडाशी राहणारा एक जण’ एवढंच म्हणायचात. पण गुरुजी, त्या वाटेच्या तोंडाशी घर एकच आहे! पुढे स्वातंत्र्यदिनाला दरवर्षी हीच गोष्ट मोठ्यांपुढे रंगवून सांगू लागलात, आणि शिमग्याची पालखी त्या घराच्या अंगणात टेकेनाशी झाली. घरातली म्हातारी दर वर्षी सारवून, रांगोळी काढून, नारळ हातात धरून उभी राहते. पालखी समोरून निघून जाते.

मी सातवी झालेला माणूस, महाडच्या कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, कुणाच्या पुढे न बसता. वाचनालयातल्या जाड पुस्तकांत प्रथम सापडली ती रोमन गोष्ट. एकाच कुळातले तीनशे सहा पुरुष शत्रूवर चालून जातात, सापळ्यात अडकून एकूण एक मरतात, घरी राहिलेला एक मुलगा तेवढा वंशाला उरतो. मला वाटलं, हेच मूळ. पण तिच्यात फितूर नाही. आणखी मागे गेलो तर ग्रीकांची खिंड निघाली. तीनशे स्पार्टन, तीन दिवसांची झुंज, डोंगरामागची वाट, ती दाखवणारा घरभेदी, सगळं जिथल्या तिथे. ग्रीकांचे तीनशे पाहून रोमनांनीही आपले तीनशे मांडले, असं काही जाणकार म्हणतात. मांडोत बापडे. त्यांनी निदान फितूर तरी उचलला नाही. तुम्ही तो नेमका उचललात आणि खालच्या वाडीतल्या गरिबाच्या दाराशी आणून सोडलात. कशासाठी? गोष्ट रंगावी म्हणून?

आणि मला मात्र एकदा शेजारच्याचं उत्तर उतरवलं म्हणून सगळ्या वर्गापुढे उभं केलंत. ‘उसनं आणलंस तर कुणाकडून आणलंस ते खाली लिही, गाढवा.’ तेव्हापासून अर्जात साधा गट नंबर लिहितानाही मी मूळ कागद पाहिल्याशिवाय लेखणी टेकवत नाही.

यंदा पालखीच्या बैठकीला मुद्दाम गावी गेलो. ग्रीक, रोमन, सगळं क्रमाने मांडलं. गावकर, म्हणजे पालखीचे मानकरी, तंबाखू मळता मळता ऐकत होते. म्हणाले, “तुझे ग्रीक नि रोमन ठेव तिकडे म्हाडात. त्यांना शिमगा तरी ठाव हाय काय रे?” सगळी पडवी हसली. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागलो, तर म्हणतात, “गुरुजी खोटा सांगतील काय? तू शिकलास कोणाकडं? त्यांच्याकडंच ना?” म्हातारी खांबाशी बसली होती. ती उठली. “नको भांडू बाबा. माझ्या पायी तुझं हसं नको. मी आपली रांगोळी काढीन, देवाची मर्जी.”

“बस गो काकी,” मी म्हणालो. आणि त्याच दमात गावकरांना सांगून टाकलं, की शेवटच्या आजारात गुरुजी मला बोलले होते: वाट दाखवणारे गावचे नव्हतेच, परमुलखातले दोघे होते, त्या घरी नुसते रात्रीपुरते उतरलेले.

गावकरांनी तंबाखू तोंडात टाकली. “मग हे आधी नाय सांगायचंस? दोन तास रोम रोम करत बसलास!”

पालखी टेकली, गुरुजी. नारळ म्हातारीच्याने फुटेना, शेवटी गावकरांनी फोडून दिला. तुमच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला भेटायला आलो नव्हतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि ते परके दोघेही माझे नव्हेत. ग्रीकांच्या खिंडीची गोष्ट ज्या इतिहासकाराने लिहिली, त्यानेच वाट दोघा परक्यांनी दाखवल्याची ही दुसरी हकीकत दोन ओळींत दिली आहे आणि लगेच खोटी म्हणून बाजूला सारली आहे. मी तीच उचलली. उसनी कुणाकडून आणली, ते गावात सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण कुठेतरी खाली लिहायला हवं, म्हणून इथे लिहिलं.