बेबीच्या दाढेतली मिश्री

कांदिवली, रविवार, १२ ऑगस्ट १९८४

शिमग्याला बजावून आलो होतो, पोरीच्या दाताला मिश्री लावायची नाही. पण बायको ऐकेल तर शप्पथ! आज तिचा भाऊ गावाहून आला. म्हणतो, "भावोजी, बेबीचा गाल सुजलाय. ताई किडक्या दाढेत मिश्री भरते. परवा पोर चक्कर येऊन पडली."

चार वर्षांच्या पोरीला तंबाखू! आणि बाईसाहेबांचा निरोप काय, तर दुधाचेच दात, पडणारच आहेत, डॉक्टर कशाला? पडणार म्हणून आधी कुजवायचे? आईही तिच्याच बाजूची. स्वतःचं तोंड बोळकं झालंय, तरी सुनेला मिश्री भाजायला शिकवते. रडली की गुळाचा खडा, दुखलं की मिश्री. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मलाही कळतं. कळून काय करू, इथे बसून? तो सुजलेला गाल डोळ्यांपुढून हलत नाही.

मेव्हण्याला म्हटलं, "उद्याच्या एसटीने जा, पोरीला उचल आणि थेट कणकवलीला दातांच्या डॉक्टरकडे ने. ताई आडवी आली तर माझं नाव सांग."

हसला. "तुमच्या नावाला ती घाबरते होय?"

नालायक. या महिन्यात घरी मनीऑर्डर नाही. होते तेवढे त्याच्याच खिशात घातले, एकशे वीस रुपये.