माळ्यावरची जाळी

माय, आज सातवीच्या वर्गाला उष्णता कशी फिरते ते शिकवलं. पाणी तापलं की हलकं होऊन वर जातं, गार पाणी खाली येतं, हवेचंही तसंच. पुस्तकात पातेल्याचं चित्र आहे. मला मात्र आपली पत्र्याची खोली दिसत होती.

आप्पा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करायचे आणि दिवसा माळ्यावर झोपायचे. खाली तुझा स्टोव्ह आणि आमची वर्दळ. कापड रंगवायच्या मशीनमध्ये पाणी उकळतं; तिथे डुलकी लागून आपला शेजारी हात भाजून बसला होता. तेव्हापासून आप्पांची झोप तू जिवापाड जपायचीस. उजेडाने ते जागे होऊ नयेत म्हणून पत्र्याखालच्या झरोक्याच्या जाळीवर तू तुझं काळं लुगडं घट्ट बांधलंस. झोप लागली का विचारलं की ते म्हणायचे, "बेस." डोळे लाल असायचे.

एका दुपारी आप्पा दुकानात गेलेले असताना तू पापडाचा डबा काढायला शिडी चढतेस. वर बराच वेळ थांबतेस. मग उतरतेस, केस कपाळाला चिकटलेले, आणि आधी स्टोव्ह बंद करतेस. खालची सगळी ऊन हवा माळ्यावर साठत होती आणि तिची बाहेर जायची वाट तूच बांधून टाकली होतीस.

आप्पा दारात आले तशी तू कडाडलीस, "वर भट्टी शे भट्टी! बोलनात का नही?"

"तुन्हा हातनं बांधेल व्हतं," ते म्हणाले. "कसं सोडू?"

"येडा शे हाऊ माणूस," तू मला सांगितलंस, आणि तोंड फिरवलंस. मग जाळीवरचं लुगडं सोडलंस, त्याची पट्टी फाडलीस आणि झोपायच्या वेळी त्यांच्या डोळ्यांवर बांधलीस. जाळी उघडी राहिली. स्वयंपाक तू ते घरी यायच्या आत उरकू लागलीस. माळ्यावरून घोरणं ऐकू आलं की ताटलीसुद्धा हळू ठेवायचीस.

हे सगळं मी दर वर्षी वर्गात सांगते. मुलं हसतात, आणि त्यांना धडा कळतो. पण मी "एक बाई होती" असंच म्हणते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी "माझी आई" म्हटलं की पुढचं वाक्य निघत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे "तू" म्हणत सगळं लिहून पाहिलं.