वहीत नसलेली दुरुस्ती

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज मला कोणी हाक मारली नाही.

सकाळी वजनकाट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू होईना. स्क्रीन काळी, नुसतं टीं टीं. सोळा वर्षं असं झालं की शिपाई गेणबा माझ्या टेबलापाशी येतो आणि म्हणतो, "ताई, रुसलं बघा पुन्यांदा." मी पर्समधलं खोडरबर काढते आणि उठते. आज तो माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेला — रेश्मा मॅडमकडे!

पाच मिनिटांत मशीन सुरू. परत येताना म्हणतो कसा, "आतली पट्टी काढून रबरानं घासली की वो त्यांनी! अगदी तुमच्यावानी!"

तुमच्यावानी. मी हसले. हसून झाल्यावर दात दुखत होते, इतके आवळले होते.

रेश्मा आमच्या इंदापूरच्या शीतकरण केंद्रातून तीन महिन्यांसाठी इथे डेअरीच्या मुख्य ऑफिसात आली आहे. वय माझ्याएवढंच, शेहेचाळीस. राहायला बारामतीतच. सहा वर्षं रोज एसटीने इंदापूरला जाऊन येऊन करत होती. तिला इथेच ठेवायचं की परत पाठवायचं हे इंद्रजित साहेब दसऱ्यानंतर ठरवणार आहेत. तिला राहायचं आहे. ते ती लपवतही नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांच्या एक्सेलमध्ये बाण दाबला की चौकट हलायची नाही, अख्खा तक्ताच सरकायचा. दारात उभी होते मी. मला बघून म्हणाले, "वैदेही मॅडम, जरा रेश्मा मॅडमना पाठवा."

निरोप्या झाले मी!

स्क्रोल लॉकचं बटण दाबलं गेलं होतं, एवढंच. मला दारातूनच कळलं होतं. सांगितलं का नाही? विचारलं नव्हतं म्हणून. हे उत्तर लिहिल्यावर वाचून बघितलं. चौथीतल्या मुलीचं वाटतं.

१३ सप्टेंबर

केस रंगवले. कशासाठी, देव जाणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांना सगळं सांगितलं. ताटावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ऑफिसात सवत आली म्हण की तुला!" आणि इतके हसले की ठसका लागला. पाणी दिलं नाही. नंतर दिलं.

खरं लिहायचं तर रेश्मा वाईट नाही. मोठ्याने बोलत नाही, कुणाला येत नसेल तर हसत नाही. मी हसायचे. "अहो, वायर तर लावा आधी!" असं चारचौघांत म्हणायचे. ती नुसती वायर लावते. म्हणूनच तिला हाक मारत असतील का?

हा प्रश्न मला आवडला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डबा खाताना रेश्माने विचारलं, "मॅडम, तुमची ती दुरुस्तीची वही आहे का हो अजून? एकदा बघायची होती."

माझी वही! २००९पासूनची. कुठलं मशीन कधी बिघडलं, काय केलं, सगळं तारखेनिशी. हिला कुणी सांगितलं वहीचं? सगळं तर घेतलं, आता वहीही!

"घरी आहे," म्हणाले. माझ्या डाव्या खणात होती.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले आणि ऑफिसला गेले. मशीन पुसता पुसता गेणबा सहज बोलून गेला, "रेश्मा मॅडम तुमच्याच वहीवर शिकल्यात की. इंदापूरचं केंद्र सुरू झालं तवा साहेबांनी मलाच धाडलं व्हतं झेरॉक्स काढाय."

खोडरबर माझं. स्क्रोल लॉक माझा, पान चौदा. प्रिंटर गप्प बसला तर आधी डीफॉल्ट कुठला ते बघा, तेही माझं. माझ्याच हातचं वाढलं जातंय आणि वाहवा तिची!

आनंद व्हायला हवा होता ना? शिक्षकाला होतो म्हणतात. मी शोधला. नाही सापडला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज तोल गेला. माझ्याच कॉम्प्युटरवर मराठी टाइप करताना मध्येच इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. रेश्मा मागून जाता जाता वाकली, दोन बटणं दाबली, पुन्हा मराठी झालं. माझ्या मशीनवर! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "करा, सगळं तुम्हीच करा. आम्हाला सोळा वर्षांनी बिनकामाचं करायलाच आलाय ना तुम्ही?"

तिचे कान लाल झाले. संध्याकाळी जाताना तिने मला "येते हं" म्हटलं, रोजच्यासारखं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीन बंद होती.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

नीट लिहायचं ठरवलं आहे. काही गाळायचं नाही.

दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून मशीनची पूजा आम्ही आदल्या दिवशी करतो. दरवर्षी मी करते. आज साहेब म्हणाले, "यंदा रेश्मा मॅडमच्या हातून होऊ दे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी फुलांच्या पाटीत बघत होते.

तिने कॉम्प्युटरना, वजनकाट्याला, पावत्यांच्या प्रिंटरला हळदकुंकू लावलं. झेंडूच्या माळा. मग ती प्लॅस्टिकचं कव्हर घेऊन प्रिंटरकडे गेली, तर साहेब हसले, "अहो, देवाला झाकून कसली पूजा?" तिने कव्हर खाली ठेवलं. धूळ बसू नये म्हणून आणलं असेल. मग सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

आता २०१४चं. कुठेच लिहिलेलं नाही, वहीतही नाही. त्या वर्षी माझ्या पूजेतला तांदळाचा एक दाणा प्रिंटरच्या रोलरखाली गेला. कागद तिरका सरकून फाटायचा. दोन दिवस कळेना. दाणा सापडला तेव्हा तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, काय होतं? मी म्हणाले, "पुसताना गेणबाच्या हातून काहीतरी पडलं असेल." गेणबाला वर्षभर गेटवर बसवलं. उन्हात. त्याने मला कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. तेव्हापासून दरवर्षी कुंकू लावून झालं की अक्षतांच्या आधी मी गुपचूप प्रिंटर झाकते.

आज झाकला नाही. साहेबांची पाठ वळल्यावर झाकता आला असता. माझ्या मुठीतल्या अक्षता मी जरा जोरात टाकल्या. त्या कुठे पडतायत ते मला दिसत होतं का?

दिसत होतं.

२ ऑक्टोबर. दसरा

सोनं वाटलं. रेश्माच्या घरी गेले नाही. ती आली होती, आम्ही बाहेर होतो. उंबऱ्यावर आपट्याची पानं ठेवून गेली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिल्याच टँकरला प्रिंटर अडला. कागद डावीकडे तिरका, मग टर्रकन फाटला. दुसरा. तिसरा. मला आवाजावरूनच कळलं.

गेणबा रेश्माकडे धावला. तिने वाकून पाहिलं, नॉब फिरवला, आणि सरळ उभी राहून म्हणाली, "हे मला नाही जमायचं. वैदेही मॅडमनाच विचारा."

तीन आठवडे हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. काय गोड लागलं! मी म्हणाले, "बघते. हातातलं संपवते आणि येते."

हातात काहीच नव्हतं.

बाहेर टँकरची रांग. पावतीशिवाय टँकर रिकामा करत नाहीत. इंदापूरचा टँकर आणणारा लासुर्ण्याचा दत्तोबा खिडकीशी येऊन ओरडला, "ओ ताई! दूध हाय त्यात, शिमिट न्हाय! फाटलं तर काय त्या डब्याला पाजायचं का?"

तर रेश्मा कार्बन घालून हाताने पावत्या लिहायला बसली. एकेक टँकर, चार प्रती, लिटर, फॅट, गाडीनंबर. संध्याकाळपर्यंत एकतीस टँकर. मी दुपारी प्रिंटरपाशी गेले, कव्हर उचलून पाहिल्यासारखं केलं, म्हणाले, "अवघड दिसतंय. उद्या बघू."

वहीत ते पान नाही. म्हणजे तिच्या झेरॉक्समध्येही नाही. दिवसभर हा विचार पेपरमिंटसारखा चघळत होते.

४ ऑक्टोबर, शनिवार

साहेब सकाळीच चिडलेले. गेटवर दहा टँकर. प्रिंटरपाशी येऊन विचारलं, "काल-परवा हे कुणी पुसलं?" आणि सगळ्यांच्या माना गेणबाकडे वळल्या.

गेणबा म्हणाला, "म्या पुसलं, पर काय सांडलं न्हाय साहेब. आईशप्पत न्हाय." त्याचा आवाज कापत होता. अकरा वर्षांपूर्वी कापला होता तसाच.

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे खरं आहे. पण आवाज रेश्माचा आला, "साहेब, गेणबाचा काही संबंध नाही. पूजा माझ्या हातची होती. माझ्याकडूनच काहीतरी झालं असणार."

साहेब तिला बोलले ते इथे लिहीत नाही. दोन दिवस साधा प्रिंटर उघडता येत नाही, आणि म्हणे मुख्य ऑफिसात राहायचंय, वगैरे. गेणबा तिच्याकडे बघत होता. तिच्या बोटांना कार्बनची निळी शाई होती.

मग मी उठले. कव्हर काढलं, डावा रोलर सैल केला, पर्समधल्या भुवयांच्या चिमट्याने दाणा काढला. कुंकवाने लाल झालेला. मुठीत लपवला. चार मिनिटं. पावती खरखरत सरळ बाहेर आली.

"काय होतं?" साहेब.

"सेटिंग हललं होतं," मी.

"वैदेही मॅडम नसत्या तर आज टँकर माघारी गेले असते!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दत्तोबाने खिडकीतून हात जोडले, "वाचीवलंत ताई!"

दाणा अजून पर्समध्ये आहे. टाकवत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

ठरलं. रेश्मा इंदापूरला परत. आठ तारखेपासून.

हवं ते मिळालं. जेवण गेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तिचा शेवटचा दिवस. तिने टेबल पुसलं, माऊस सरळ ठेवला, डबा पिशवीत घातला. काहीतरी द्यायला हवं असं फार वाटलं मला — द्यायला काय होतं? म्हणाले, "तुमच्याकडे माझ्या वहीची झेरॉक्स आहे ना? जुनी आहे, पुसट झाली असेल. पाठवून द्या, न दिसणारी पानं भरून देते."

तिने पिशवी खांद्याला अडकवली. "राहू द्या मॅडम. बहुतेक पाठच झालंय आता."

मी हट्ट केला. उपकार करायची घाई झाली होती मला. मग ती म्हणाली, "बरं, दत्तोबांकडे देईन." आणि दारातून, "उद्या सव्वासहाची गाडी पकडायची पुन्हा. सवय मोडली होती." हसत म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

साहेबांना सांगावं का? काय सांगणार? मी काही केलं नाही. फक्त झाकलं नाही. फक्त बोलले नाही. दिवसभरात हे दोनदा मनाशी म्हटलं, आणि दोन्ही वेळा ते कुणीतरी दुसऱ्याच बाईने म्हटल्यासारखं वाटलं.

गेणबा आज तीनदा येऊन गेला, "ताई, रुसलं बघा पुन्यांदा." तिन्ही वेळा उठले. नीट केलं. पूर्वीसारखंच सगळं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.४०, ऑफिसात

दत्तोबाने झेरॉक्स आणून दिली. दोऱ्याने शिवलेली, कोपरे दुमडलेले. माझंच अक्षर. शेवटी तिने स्वतःची काही पानं जोडली आहेत. त्यातल्या पहिल्याच पानावर:

'खंडेनवमी २०१९. पावतीचा प्रिंटर. कागद डावीकडे तिरका जाऊन फाटतो. अक्षतेचा दाणा, डाव्या रोलरखाली. चिमट्याने काढला. पुढच्या वेळी पूजेआधी झाकणे. (मॅडमच्या वहीत हे नाही.)'

२०१९.

ते कव्हर धुळीसाठी नव्हतं. कारण माहीत असूनही एकतीस पावत्या, चार-चार प्रती, तिने हाताने लिहिल्या — आणि मला हाक मारली.

मूळ वही काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर २०१४ लिहिलं, २०२५ लिहिलं, दोन्हीखाली माझं नाव. दाणा तिथेच चिकटपट्टीने लावला. वही साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आहे. त्यांची गाडी गेटमधून आत येतेय. गेट गेणबाने उघडलं.