कुरकुरीत काप, माझ्या हातचे

रविवार, ३ तारीख
मुलगी शनिवारी हॉस्टेलवरून येतेय. फोनवर म्हणाली, कच्च्या केळ्यांचे कुरकुरीत काप खायचेत. मी जाहीर केलं, यंदा मी तळणार. पलीकडे हसू. बराच वेळ. मग म्हणाली, बाबा, राहू द्या हो, आईला सांगा. मनाला लागलं. तिच्या लहानपणापासून सगळं हिनेच केलं, मी फक्त स्कूटरवरून ने-आण केली. ते काही नाही. काप मीच तळणार, हिची मदत न घेता. कंपनीचं अख्खं स्टोअर सांभाळतो, केळ्यांचं काय घेऊन बसलात!

सोमवार, ४ तारीख
डझनभर केळी आणली. हिरवीगार, दगडासारखी कडक. ऐनवेळी शॉर्टेज झालं तर? माल आधी भरून ठेवतो तोच खरा स्टोअरकीपर.
हिच्यापासून लपवायची कुठे? फ्रिज हिचा, कपाट हिचं, माळासुद्धा हिचाच. शेवटी तांदळाचा मोठा डबा सापडला. रोजच्याला छोटा डबा असतो, मोठ्याकडे ही महिना-महिना बघत नाही. एक केळं सरावाला ठेवून बाकीची तळाशी खोल खुपसली. कोरडं, अंधारं, घट्ट झाकण. स्टोरेज असावं तर असं.

मंगळवार, ५ तारीख
ही भाजीला गेल्यावर सराव केला. साल निघता निघेना. चिकाने बोटं चिकटली, शर्टावर काळे डाग पडले. काप बाहेरून कोळसा, आतून कच्चे. गॅसच्या फ्लेममध्ये दोष आहे.
डागांबद्दल हिने विचारलं. म्हटलं, मशीनचं ऑइल. ही म्हणाली, तुमच्या स्टोअरमध्ये मशीन कधी आलं? मी पेपर वाचायला घेतला.

बुधवार, ६ तारीख
व्हिडिओ पाहिला. युक्ती कळली! जाड काप एकदा तळायचे, वाटीच्या बुडाने दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे. लंचमध्ये पावाच्या तुकड्यांवर वाटी दाबून सराव केला. साहेबांनी पाहिलं. हळूच दार लोटून निघून गेले. इम्प्रेस झाले असावेत.

गुरुवार, ७ तारीख
सराव बंद. जास्त सरावाने हात बिघडतो.
स्वयंपाकघरात गोडसर वास येतोय. ही म्हणाली, कसला हो वास? म्हटलं, तू नवीन फिनेल आणलंस ना, त्याचा. ही हसली. का हसली देव जाणे.

शुक्रवार, ८ तारीख
मुलीला फोनवर सांगितलं, तयारी कम्प्लीट. ती म्हणाली, बाबा, खरंच? या वेळी हसली नाही. रूममेट्सनाही सांगितलंय म्हणे, माझे बाबा करणारेत. छाती फुगली. आता माघार नाही.

शनिवार, ९ तारीख, सकाळ
डबा उघडला. पिवळीधमक. मऊ. एक तर हातातच फुटलं.
डब्यासमोर तसाच बसून राहिलो. मग आठवलं. कच्चं फळ पिकवायला ही तांदळातच पुरते. लग्न झाल्यापासून ती फळं मी खातोय. कुठे पिकतात, हे कधी विचारलंच नाही.
चूक तांदळाची आहे.
त्यातलंच एक तळून पाहिलं. कढईत लापशी झाली. तसाच मार्केटला पळालो. हिरवं केळं औषधालाही नाही. म्हणजे शॉर्टेजचा माझा अंदाज बरोबर होता.

शनिवार, संध्याकाळ
रिकाम्या हाताने घरी आलो तर टेबलावर कापांचं ताट. सोनेरी, कुरकुरीत. हिने कालच हिरवी केळी आणून ठेवली होती. म्हणाली, घाम पुसा, ती येईलच.
मुलगी आली. एक तोंडात टाकला आणि किंचाळली, बाबा, तुम्ही केलेत? मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ही म्हणाली, आठवडाभर राबतायत गं तुझ्यासाठी. तोंड मिटलं. मुलगी गळ्यात पडली. डोळ्यांत पाणी आलं. धूर फार झाला होता.
तसं पाहिलं तर प्लॅनिंग माझंच होतं.
मग मुलगी म्हणाली, बाबा, मला शिकवा ना, आत्ताच. म्हटलं, प्रवासातून दमून आलीस, उद्या बघू. आतून हिचा आवाज आला. उद्या कशाला, तेल गरम आहे, दोन केळी मुद्दाम ठेवलीत.

रविवार, १० तारीख
काल वाटी जोरात दाबली. निम्मा काप वाटीला चिकटला, निम्मा उडून मुलीच्या चष्म्यावर. हसून हसून ती खालीच बसली. फोनवर हसली होती ते काहीच नव्हतं. बाकीचे मायलेकींनी मिळून तळले. मला दाराशी उभं राहून बघायची परवानगी होती.
ही म्हणते, डब्यातली केळी आज संपली पाहिजेत, ज्यांनी आणली त्यांनीच खायची. सकाळपासून तिसरं चालू आहे.
गोड आहेत. स्टोरेजला मात्र तोड नाही.